गरवणाऱ्यांचे प्रश्न : जलद रीळ, लाटा आणि खोल पाणी

प्रश्न : मी किनाऱ्यावर उभा राहून लाटांत गरवतो. यापुढे मित्रांबरोबर बोटीतून आत खोल पाण्यातही जाणार आहे. सध्याच्या स्पिनिंग रिळाचं गिअर गुणोत्तर ४.९ आहे. ६.२ चं जलद रीळ घेतलं तर एकाच रिळावर दोन्ही कामं होतील का?

उत्तर : आधी ६.२ या आकड्यावरून नजर काढा. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे दोरी गुंडाळणारा फिरता भाग, ६.२ वेळा फिरतो, एवढंच तो सांगतो. दोरी किती आत येणार ते स्पूलवर, म्हणजे दोरी ज्यावर गुंडाळली जाते त्या भागावर, ठरतं. स्पूलवरच्या दोरीचा व्यास ५५ मिमी असेल, तर ६.२ च्या रिळात एका फेऱ्याला सुमारे १०७ सेंमी दोरी येते. ७० मिमी व्यासाच्या ४.९ च्या रिळातही तेवढीच येते. म्हणजे तुमचं जुनं रीळ मोठ्या स्पूलचं असेल, तर लहान आकाराचं नवं ‘जलद’ रीळ घेऊन वेग वाढणारच नाही. माहितीपत्रकात ‘एका फेऱ्यात इतके सेंमी’ असा आकडा दिलेला असतो. रिळांची तुलना त्या आकड्याने करा. तोही काठोकाठ भरलेल्या स्पूलचा असतो, हे ध्यानात ठेवा. लांब फेकीनंतर व्यास ७० वरून ६० मिमीवर उतरला, तर वेग सातव्या हिश्शाने घटतो. आणि आमिष सर्वांत लांब असतं ते नेमकं तेव्हाच.

किनाऱ्यासाठी मात्र जलद रीळ घ्याच, असं मी ठामपणे सांगेन. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. मीटरभर पाण्यात तो सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो, आणि लाट फुटून फेसाळत धावू लागली की पाणीही जवळपास त्याच वेगाने तुमच्याकडे येतं. आमिष त्या पाण्यात सापडलं की दोरी ढिली पडते, आणि ढिल्या दोरीवर मासा लागला तरी हाताला कळत नाही. सेकंदाला दोन फेरे मारलेत तर १०७ सेंमीच्या रिळावर तुम्ही २ मीटरच्या थोडं पुढे जाता, १३० सेंमीच्या रिळावर २.६ मीटरपर्यंत. लाटेला गाठता येत नाहीच. पण उरलेलं अंतर रॉड उचलून आणि दोन पावलं मागे सरकून भरून काढता येतं. हळू रिळावर तेही जमत नाही. लागलेला मासा लाटेबरोबर किनाऱ्याकडे सुटतो तेव्हाही हेच गणित असतं.

खोल पाण्यात दोन वेगळी कामं असतात. ट्यूना किंवा सुरमईच्या थव्यावर पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं आमिष) फेकायचा, तर तिथे जलद रीळच हवं. असे मासे वळून सरळ बोटीकडे धावतात आणि ढिली दोरी झरझर गोळा करावी लागते. पण शंभर मीटरवर जड जिग (धातूचं आमिष) सोडून दिवसभर वरखाली करायची असेल, तर ६.२ च्या रिळाने हात भरून येतात. हँडलची लांबी आणि स्पूल तेच ठेवून ४.४ ऐवजी ६.२ चा गिअर घेतला, की दोरीवर तेवढाच ताण आणायला हाताला सुमारे ४० टक्के जास्त जोर लावावा लागतो. घर्षण वेगळंच. म्हणून तर एकाच आकाराचं रीळ अनेकदा वेगवेगळ्या गिअरमध्ये मिळतं. शिमानो कंपनीच्या रिळांच्या नावांत पीजी म्हणजे ताकदीचा गिअर, एचजी जलद, एक्सजी त्याहून जलद.

तेव्हा बोटीवर मुख्यतः फेकून गरवणार असाल, तर एकच जलद रीळ दोन्हीकडे चालेल. खोल जिग करायची असेल, तर जुनं ४.९ चं विकू नका. तेच त्या कामाचं आहे.

जलद गिअरमुळे मासा जास्त ताकदीने रोखता येतो, हा समज मला वारंवार ऐकू येतो. ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरी सोडणारा ब्रेक. त्याचा आणि गिअरचा संबंध नाही. ड्रॅगच्या चकत्या स्पूलपाशी असतात. पळणाऱ्या माशाला त्या रोखतात, हँडल नाही. दोरीला वजनकाटा लावून ड्रॅग तिच्या क्षमतेच्या पाव हिश्शावर बांधा. मासा बरीच दोरी घेऊन गेला आणि उरलेल्या दोरीचा व्यास निम्म्यावर आला, तर तोच ड्रॅग दोरीवर दुप्पट ताण देतो. त्या वेळी घाबरून ड्रॅग आणखी आवळणं म्हणजे मासा हातचा घालवणं.

ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवू नका. दोरी आत येत नाही, फक्त पीळ पडतो, आणि ६.२ च्या रिळात हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला सहाच्या वर पीळ पडतात. जलद रिळावर दोरीचा गुंता होतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारतो. आधी रॉड उचला, मग तो खाली आणता आणता गुंडाळा.

प्रश्न : माझ्या रिळावर आयपीएक्स५ लिहिलंय. लाटेत बुडालं तर चालेल ना? घरी आल्यावर बादलीत बुडवून ठेवू का?

उत्तर : दोन्हीला नाही. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. पेन कंपनीच्या स्पिनफिशर रिळांच्या सहाव्या मालिकेला हाच दर्जा आहे आणि अंगावर येणाऱ्या तुषारांना तो पुरतो. बुडण्याची चाचणी आयपीएक्स७ पासून सुरू होते : एक मीटर खोल, ३० मिनिटं. आणि या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत शिरला की सुकून मीठ मागे ठेवतो, आणि रबरी सील झिजत गेलं की असे थेंब वाढत जातात.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रिळांत बहुतेक वेळा पहिला बळी लाइन रोलरचं, म्हणजे दोरी ज्यावरून वळून स्पूलकडे जाते त्या छोट्या चाकाचं, बेअरिंग असतं. ओली दोरी सतत तिथूनच जाते ना. जलद रिळात ते आणखी वेगाने फिरतं. बोटाने रोलर फिरवून पाहा. खरखरला किंवा अडला, तर तेव्हाच उघडून तेल द्या, नाहीतर बदला. अडलेला रोलर ब्रेडेड (धाग्यांची विणलेली) दोरी कापत जातो.

धुण्याची रीत साधी आहे. ड्रॅगचा नॉब घट्ट करा, म्हणजे पाणी चकत्यांत जाणार नाही. गोड्या पाण्याची हलकी धार वरून सोडा, जोराचा फवारा नको. तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवण्याआधी ड्रॅग पूर्ण सैल करा. चकत्या दाबल्या राहिल्या, तर पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.