अक्षरं येतात, पण वाचता येत नाही

प्रश्न : ताई, माझी लेक ५ वर्षांची आहे. मोठ्या शिशूत जाते, शाळा मराठी माध्यमाची. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणते; पण मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं की गप्प होते. शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा, तो दुकानांच्या पाट्या वाचतो. सासूबाई म्हणतात, रोज पाटीभर गिरवून घे. मी फोर्टहून घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात, त्यात ही रडारड. नेमकं काय करू?
– एक आई, भांडुप

उत्तर : आधी शेजारच्या मुलाचा विचार सोडा. पाचव्या वर्षी वाचता न येणं म्हणजे मागे पडणं नव्हे. २०२१मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानानेसुद्धा मुलांना समजून वाचता यावं यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतची मुदत धरली आहे.

तुमची लेक जे म्हणते, ते तिच्या लेखी गाणं आहे. चालीत ‘ग’ बरोबर येतो, चाल मोडली की हरवतो. म्हणून तो क्रम सोडा, आणि सुरुवात कानापासून करा. पोळ्या लाटताना तिला जवळ बसवा. विचारा, ‘क’ने सुरू होणारं इथं काय काय आहे? कढई, कांदा, कुकर, काकडी. ते जमलं की स्टेशनांच्या भेंड्या. ‘भांडुप’ म्हटलं की ‘प’वरून ‘परळ’. (‘ळ’वर अडलात तर ‘ल’ घ्या, मुलं लगेच मान्य करतात.) बोललेल्या शब्दाचे तुकडे होतात, हे कानाला कळलं नाही तर अक्षरं ओळखूनही वाचन जुळत नाही. बालवाडीत मी हे सतत पाहिलं आहे.

मग अक्षरं. चारच घ्या : म, ग, र, न. जुन्या लग्नपत्रिकेचे चौकोन कापा, ठसठशीत लिहा. म, ग, र ओळीने मांडा. ती सुटं सुटं म्हणेल, ‘म... ग... र...’ तुम्ही उत्तर सांगू नका. तिचं बोट धरून चिठ्ठ्यांखालून सरकवा. पुन्हा, जरा भरभर. पुन्हा, आणखी भरभर. ‘मगर!’ हे तिच्याच तोंडून आलं पाहिजे. मग तिच्यादेखत ‘म’ उचला आणि ‘र’च्या पुढे नेऊन ठेवा. गरम! चिठ्ठ्या त्याच, शब्द दुसरा. वाचन म्हणजे काय, ते मुलाला इथं पहिल्यांदा कळतं, आणि मला या खेळाइतकं दुसरं काहीच मोलाचं वाटत नाही. पुढे नगर, नरम, मन. मग काना : मामा, नाना, राग, गारा, रान.

‘म’च्या जोडीने ‘भ’ आणू नका, ‘घ’ आणि ‘ध’ही एकदम नकोत, सारखी दिसणारी अक्षरं मुलं हमखास गोंधळतात. पहिली वेलांटी सावकाश घ्या. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, हे लहान मुलाला अवघडच जातं.

दादरला उतरलात की स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर तिला तिचा ‘र’ शोधू द्या. ‘भांडुप’ ती नुसतं बघून ओळखत असेल. कौतुक जरूर करा, पण ते अजून वाचन नाही.

दमून आल्यावर यातलं काहीच झालं नाही तरी चालेल. झोपताना दहा मिनिटं गोष्ट वाचणं मात्र चुकवू नका. ओळीखालून बोट फिरवा, मध्ये थांबून अक्षरं विचारू नका. तेच पुस्तक रोज मागितलं तरी तेच वाचा. पुस्तकं कमी पडली तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर पायरीवार मराठी गोष्टी मोफत मिळतात.

दुसरीतही असंच अडखळणं राहिलं, तर कान-डोळे तपासून घ्या. शीव रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणीही होते. आज त्याची चिंता नको.

सासूबाईंना दुपारी त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायची गळ घाला. नातीच्या कानावर जितके शब्द पडतील, तितके तिला पुढे वाचताना ओळखीचे वाटतील. गिरवणं शाळेत होतं तेवढं पुरे.