मामांच्या झेनिट या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्याची लेन्स घेऊन इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या थंडीत समुद्राचे फोटो काढता येतील का?

हो, खुशाल न्या. तुम्ही जानेवारीत शिकायला न्यूकॅसलला निघालाय, जवळ मिररलेस कॅमेरा आहे आणि लेन्स हेलिओस ४४-२. म्हणजे खर्च फक्त एम४२ अडॅप्टरचा, जुन्या स्क्रूच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या कडीचा. त्यात काच नसते, साधा स्वस्तातला चालतो. जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, म्हणून मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालण्याची सोय सुरू करा, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलणार नाही.

निघण्याआधी लेन्समधून आरपार टॉर्च मारून बघा. आपल्याकडचे पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर भारतातच साफ करून घ्या.

या लेन्सचं कौतुक होतं ते मागच्या पानाफांद्यांचा भोवरा करते म्हणून. किनाऱ्यावर ते विसरा. मागे नुसतं पाणी आणि आभाळ, भोवरा कशाचा होणार? इथे कामाला येतो तो तिचा दोष. कोटिंग जुनं, त्यामुळे समोरून उजेड आला की कॉन्ट्रास्ट ढासळतो. आणि इथे डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो, म्हणजे उजेड दिवसभर तिरपाच. सूर्य फ्रेमच्या किंचित बाहेर ठेवा, डाव्या हाताने लेन्सवर सावली धरा आणि हात हळूहळू बाजूला घेत स्क्रीनकडे बघा. काळे खडक राखाडी होत जातात, फेस दुधाळ होतो. हवं तिथे थांबा. माझ्या मते नव्या महागड्या लेन्सने हे जमत नाही, आणि एडिटिंगमध्ये केलेलं लगेच कळतं.

थंडीत जुनं ग्रीस घट्ट होऊन फोकसची रिंग जड फिरते. समुद्राच्या फोटोंना त्याने फार बिघडत नाही: अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा, स्क्रीनवर क्षितिज मोठं करून एकदा फोकस लावा आणि सोडून द्या. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर मात्र विसंबू नका, अडॅप्टर पातळ असेल तर ती चुकते. धुक्यात ऑटोफोकस चाचपडत बसतो, ती कटकट तरी वाचते.

पहिल्यांदा व्हिटली बेला जा, शहरातून मेट्रो आहे. तिथलं सेंट मेरीज दीपगृह १८९८ चं, दिवा १९८४ पासून बंद. जानेवारीच्या सुरुवातीला साडेआठच्या सुमारास सूर्य थेट समुद्रातून वर येतो, आणि ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत पांढरा मनोरा अख्खा उतरतो. दीपगृह बेटावर आहे आणि भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते, तेव्हा वेळा बघूनच पलीकडे जा.

तुषारांपासून बचावाला ४९ मिमीचा यूव्ही फिल्टर लावा, सूर्यासमोर मात्र काढा, उगाच उजेडाचे खोटे ठिपके, म्हणजे भुतं उमटतात. सुकलेलं मीठ कोरड्या कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात; आधी कापड ओलं करा. घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. हीटरच्या उबेत लेन्सच्या आत दव धरलं, की मामांच्या कपाटात होती तीच बुरशी पुन्हा.