परिपत्रकाने अपघात टळतो का?

प्रश्न : मी एका सरकारी कार्यालयात अभिलेख कक्षाचे काम पाहते. गेल्या महिन्यात सर्वांत वरच्या फळीवरचा फाइलींचा गठ्ठा काढताना माझे एक सहकारी चाकांच्या खुर्चीवरून पडले आणि त्यांचे मनगट मोडले. त्यानंतर ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असे परिपत्रक निघाले, बाकी सारे जसेच्या तसे आहे. आम्ही कर्मचाऱ्यांनी काय करावे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे मनगट लवकर बरे होवो. चाकांच्या खुर्चीवर चढणे धोक्याचेच होते, परंतु त्यांना चढावे का लागले, हे त्या परिपत्रकाने विचारलेच नाही आणि माझ्या मते खरी चूक तिथेच आहे. सुरक्षेच्या उपायांची एक उतरंड मानली जाते : धोका मुळातूनच काढून टाकणे सर्वांत परिणामकारक, तर सूचना आणि नियम बरेच खालच्या पायरीवर. म्हणून मुदत संपलेले अभिलेख रीतसर नष्ट करून जागा मोकळी करावी आणि जड, वारंवार लागणारे गठ्ठे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणावेत, म्हणजे वर चढण्याची वेळच क्वचित येईल. जुन्या फाइलींवरची धूळ झटकू नये, ती हवेत तरंगून श्वासावाटे आत जाते. ओलसर फडक्याने फळ्या पुसाव्यात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कक्षात एक साधी नोंदवही ठेवा आणि तीत थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहा : गठ्ठा निसटला पण कोणाला लागला नाही, पाय वायरीत अडकला पण तोल सावरला. लिहिणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, ही हमी वरिष्ठांनी द्यायला हवी. नाहीतर वही कोरीच राहते.

खर्चाचे कारण पुढे आले, तर हे सांगता येईल की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारात सरकारी सेवेचाही समावेश आहे आणि सुरक्षेच्या उपायांचा भुर्दंड कर्मचाऱ्यांवर पडू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. 2022 मध्ये याच संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला.

रुंद पायऱ्यांच्या, कठडा असलेल्या शिडीची मागणी लेखी टिपणीने करा आणि ती येईपर्यंत वरची फळी वापरू नये, अशी सूचना कार्यालयप्रमुखांच्या सहीने कक्षाच्या दारावर लावून घ्या.