एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलाचा गृहपाठ: सुरुवात कुठून करावी

ताई, सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी फक्त गृहपाठाची वेळ धरा. शाळेतून आल्यावर खाणं, मग अर्धा तास पळापळ, आणि मगच वही. समोर एक वही, एक पेन्सिल. कंपासपेटी दप्तरातच राहू द्या. ती उघडली की शार्पनर, खोडरबर, पट्टी, सगळ्यांशी खेळ सुरू होतो. पानावर १० गणितं असतील तर पान दुमडून ३च दिसू द्या. १० मिनिटं काम, ३ मिनिटं उठून हालचाल. टायमर डोळ्यांसमोर हवा, कारण वेळ सरतोय हे या मुलांना आतून नीटसं जाणवत नाही.

स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा: “वही उघड.” “सगळं आवर” यात पाच कामं दडलेली असतात, म्हणून एकही सुरू होत नाही.

शाबासकी लगेच द्या. एक तक्ता करा, काम झालं की लगेच त्यावर एक टिकली चिकटवा. ५ टिकल्या झाल्या की त्याच संध्याकाळी सायकलची जास्तीची फेरी. रविवारचं बक्षीस त्याच्यासाठी फार लांब. मिळालेली टिकली रागाच्या भरात काढून घेऊ नका, तक्त्यावरचा त्याचा विश्वासच उडतो. काही आठवड्यांनी कंटाळा येईलच, तेव्हा बक्षीस बदला, पद्धत नको. आणि औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.