सेसना १७२ या चार आसनी लहान विमानात मागच्या कप्प्यात दोन बॅगा नुसत्या ठेवल्या तर चालेल का, की बांधायलाच हव्यात?

बांधायलाच हव्यात, दहा मिनिटांचं उड्डाण असलं तरी. हवेचा जोरदार झटका बसला की सुटी बॅग उचलली जाते आणि थेट पुढच्यांच्या डोक्यावर येते. आपत्कालीन उतरताना ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्का धरला, तर १० किलोच्या बॅगेचा जोर ९० किलोइतका होतो. म्हणूनच रबरी बंजी दोऱ्या वापरू नका, त्या ताणल्या जातात आणि बॅग निसटते. विमानासोबत सामानाची जाळी येते, तिचे पट्टे कप्प्यातल्या कड्यांत अडकवून घट्ट ओढा. बॅग हलवून पाहा. ती सरकली तर पुन्हा आवळा. जड बॅग खाली आणि आसनांच्या पाठीला चिकटून ठेवा, हलकी मागे. एखादी बॅग रिकाम्या मागच्या आसनावर ठेवायची असेल तर सीटबेल्ट तिच्या हँडलमधून ओवून मगच लावा. पाण्याची बाटली पायाशी कधीच नको, ती रडर पेडलखाली (शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पायपट्टीखाली) अडकते. पॉवर बँक मागे न पुरता हाताशी ठेवा, कारण पेटली तर मागे पोचता येत नाही.

बांधलं म्हणजे वजनाची मुभा मिळाली असं मात्र नाही. १७२एस या मॉडेलच्या पुस्तिकेत कप्प्याच्या पुढच्या भागाला ५४ किलो, अगदी मागच्या भागाला २३ किलो आणि दोन्ही मिळून ५४ किलोच अशी मर्यादा आहे. गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाच्या वजनाचा तोलबिंदू, फार मागे गेला तर स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक कमी होते त्या स्थितीतून) विमान सावरणं अवघड होतं. जुन्या मॉडेलांचे आकडे वेगळे असू शकतात, त्यामुळे तुमच्याच विमानाची पुस्तिका आणि कप्प्याच्या दारावरची पाटी बघा.