पेपर निघाले, उड्डाणाला अजून चार महिने

घाटकोपरहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सनंतर पायलट होण्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरांमागे होता. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, सगळे निघाले. फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेशही पक्का झाला, पण बॅच पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात. तोवर तो पुस्तकाला हात लावायला तयार नाही. परवा मामाने सहज विचारलं, "विमान स्टॉल होतं म्हणजे काय रे?" तर अडखळला. वडील म्हणतात, पुन्हा क्लास लावू. लावावा का?

ताई, नमस्कार. क्लास लावू नका. ते पैसे फ्लाइंगसाठी बाजूला ठेवा, तिथे एकेक तास महाग असतो.

मी अनेक वर्षं ग्राउंडला, म्हणजे उड्डाणाआधीच्या वर्गात, नेव्हिगेशन शिकवलंय. पास व्हायला ७० टक्के लागतात आणि मुलं क्वेश्चन बँका घोटून ते मिळवतात. समोर चार पर्याय असले की बरोबर उत्तर ओळखता येतं. विमानात पर्याय नसतात. इंजिनाच्या आवाजात इन्स्ट्रक्टर विचारतो आणि ते स्वतःहून आठवावं लागतं. ही सवय तुमच्या मुलाला अजून लागलेली नाही, आणि क्लासमध्ये बसून ऐकल्याने ती लागणारही नाही. पुस्तक मिटून, तोंडाने बोलून आणि हाताने गणित करूनच ती लागते.

तुमचं घर घाटकोपरला आहे, हे फार बरं झालं. पश्चिमेचा वारा असला की मुंबईच्या रनवे २७ वर उतरणारी विमानं तुमच्या डोक्यावरूनच जातात. रोज सकाळी त्याने मुंबई विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा सांकेतिक अहवाल, उघडावा. तो दर अर्ध्या तासाला येतो आणि फुकट वाचता येतो. समजा वारा २४० अंशांवरून १२ नॉट (ताशी सागरी मैल) आहे. रनवे २७ म्हणजे दिशा २७० अंश, म्हणून फरक ३० अंशांचा. तीसची साइन अर्धी, म्हणून ६ नॉट क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, डावीकडून. हे कॅल्क्युलेटरशिवाय यायला हवं. तापमान २९ आणि दवबिंदू २६ असेल, तर दर अंशाला सुमारे ४०० फूट धरून ढगांचा तळ १२०० फुटांच्या आसपास यावा. मग अहवालातले ढग बघायचे आणि आपला अंदाज का जुळला किंवा का चुकला, ते वहीत दोन ओळींत लिहायचं.

त्याच अहवालात दाब १००३ असेल तर आणखी एक गंमत त्याला करायला सांगा. प्रमाण दाब १०१३, म्हणजे १० हेक्टोपास्कलची तूट. दर हेक्टोपास्कलला ३० फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबाच्या हिशोबाने उंची, ३०० फूट. तापमान २९, म्हणजे प्रमाण १५ पेक्षा साधारण १४ अंश जास्त, दर अंशाला १२० फूट. बेरीज जवळपास २००० फूट होते. म्हणजे जुहूच्या समुद्राकाठी उभं असलेलं विमान दोन हजार फुटांवर असल्यासारखं वागणार, धावपट्टी जास्त खाणार. हे एकदा स्वतः काढलं की डेन्सिटी अल्टिट्यूडची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

जुहूवरून आठवलं. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. त्यातला जुहू ते अहमदाबाद हा पट्टा त्याने नकाशावर आखावा. ६० नॉटिकल मैल गेल्यावर आपण ४ मैल डावीकडे आहोत असं कळलं, तर चूक ४ अंशांची (साठ मैलांत एक मैल म्हणजे साधारण एक अंश). आठ अंश उजवीकडे वळून तेवढंच अंतर कापलं की पुन्हा ट्रॅकवर, म्हणजे आखलेल्या रेषेवर. आठवड्यातून एक रूट पुरे.

स्टॉल, म्हणजे पंखांची उचल एकदम कमी होणं, हे मात्र त्याने तुम्हाला समजावून सांगावं, मराठीत. तुम्ही स्वयंपाक करता करता ऐका आणि मनात येईल तो प्रश्न विचारा. "वेग कमी झाला की स्टॉल होतो" असं म्हणाला तर थांबवा. स्टॉल होतो तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मर्यादेबाहेर गेला की; जास्त वेगातही होऊ शकतो. आईला पटेपर्यंत सांगता आलं की समजायचं, त्याला ते येतं.

आरटीआरची, म्हणजे विमानातल्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, सवय रस्त्यावर लागते. समोरच्या रिक्षाची नंबर प्लेट रेडिओच्या भाषेत मोठ्याने वाचायची: एमएच ०३ म्हणजे माइक होटेल झिरो ट्री (रेडिओवर थ्रीचा उच्चार ट्री). लोक बघतील, बघू देत.

फ्लाइंग स्कूलमध्ये कोणतं विमान आहे, ते आजच विचारून घ्या आणि त्याच विमानाचं हँडबुक मागवा. सेसना १७२ एस असेल तर इंजिन बंद पडल्यावरचा ग्लाइडचा, म्हणजे तरंगत उतरण्याचा, वेग ६८ नॉट. असे आकडे आणि तातडीच्या चेकलिस्टच्या पहिल्या ओळी झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात. कॉकपिटचा मोठा फोटो भिंतीला चिकटवून, समोर खुर्ची टाकून, डोळे मिटून हात बरोबर जागी जातो का ते रोज दहा मिनिटं बघावं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर लँडिंगचा सराव मात्र नको. स्क्रीनमधल्या मीटरवर नजर खिळायची सवय लागते आणि ती सोडवताना इन्स्ट्रक्टर मेटाकुटीला येतात. त्याची नजर बाहेर, क्षितिजावर हवी.

सगळंच टिकवायचा हट्ट नको. आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुठल्या अ‍ॅनेक्सचा (परिशिष्टाचा) नंबर काय, जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणते वारे वाहतात, हे विसरला तर विसरू दे. राइट ऑफ वे (आधी वाट कोणाची), टॉवरच्या दिव्यांचे इशारे, आणि ७५०० (अपहरण), ७६०० (रेडिओ बंद), ७७०० (आणीबाणी) हे रडारला संकेत देणाऱ्या ट्रान्सपाँडरचे कोड मात्र पक्के हवेत.

दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलेल्या मुलाला आठवडाभर काही न करता राहावंसं वाटलं, तर तेही समजून घ्या. वडिलांनाही सांगा, चारचौघांत परीक्षा घेऊ नका.

आणि क्लास वन मेडिकलची, म्हणजे पायलटच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची, तारीख आजच बघा. त्याच्या वयाला ते १२ महिने चालतं. ऑक्टोबरच्या आसपास संपत असेल तर नूतनीकरणाची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.