मॅमथच्या सुळ्यावरची कोरीव मूर्ती भारतात विकत घेता येते का? ती हस्तिदंतापासून वेगळी कशी ओळखायची?

भारतात घेऊ नका. मॅमथ हा हत्तीचा प्राचीन नातलग नामशेष झाला आहे, म्हणून त्याचा सुळा कायद्यात बसत नाही, असं विक्रेते सांगतात. हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बलराम कुमावत खटल्यात (२००३) न्यायालयाने स्पष्ट केलं की १९९१च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यातली आयात हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी मॅमथच्या सुळ्यालाही लागू होते. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण कोरून, घासून चकाकी आणलेल्या छोट्या वस्तूत दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळणं फार कठीण. मग हत्तीचा दात मॅमथच्या नावाने सहज खपतो.

ओळखायची खूण आडव्या छेदात असते. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. मात्र कोन बाहेरच्या कडेजवळच मोजायचा: मॅमथमध्ये तो साधारण ९० अंशांपेक्षा कमी, हत्तीत ११५ अंशांपेक्षा जास्त. आतल्या भागातले कोन फसवतात, आणि छोट्या मूर्तीत बाहेरचा भाग बहुधा उरलेलाच नसतो. निळसर किंवा तपकिरी डाग असतील तर ते मॅमथकडे बोट दाखवतात. सायबेरियात, विशेषतः याकुतियात, हजारो वर्षं गोठलेल्या जमिनीत राहिल्याने सुळ्यात खनिजं मुरतात. पण डाग नाहीत म्हणून तो हत्तीचाच, असंही नाही.

कोरीवकाम आवडत असेल तर संग्रहालयात पाहा. घरासाठी चंदनाची किंवा शिसवीची मूर्ती घ्या, चंदनाची असेल तर पावतीसह.